सांगायचं माप, लिहायचं माप

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तेव्हा नाही, आजही नाही. खोटं मी कधी बोलले नाही, मला ते येतच नाही, आणि तरी खोटारडी म्हणून कचऱ्याच्या डब्यात गेले ती मीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. खूप दिवस गप्प बसले. आता नाही बसणार.

मी टेप बोलतेय. शिवणकामाची टेप. पिवळी, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. शिक्षण विचाराल तर एकपासून साठपर्यंत. एकसष्ट मला येत नाही. आणि चौतीसला एकतीस म्हणायचं, हेही मला कुणी शिकवलं नाही. मोठ्या शाळेत गेले असते तर शिकले असते कदाचित.

मी एकटी जन्मले नाही. कारखान्यात कापडाची लांबच लांब पट्टी असायची, तिच्यावर गुळगुळीत लेप, आणि वरून आकड्यांचा रूळ फिरायचा. एक ते साठ, पुन्हा एक ते साठ. मग पातं खाली आलं आणि मी सुटी झाले. माझ्या अलीकडची बहीण कुठं गेली, पलीकडची कुठं, कुणास ठाऊक. मला गुंडाळलं, बारा जणींच्या पुडक्यात कोंबलं आणि सुया-दोऱ्यांच्या दुकानात टांगलं.

तिथून मला मावशीनं उचललं. तेव्हा तिला सगळे मावशी म्हणत नव्हते. तिनं नुकतंच घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान मांडलं होतं. एक मशीन, जुन्या दाराची फळी टाकून केलेलं बेतायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्याआड उंच आरसा. तिनं मला गळ्यात टाकलं, दोन्ही टोकं सारखी केली आणि म्हणाली, "चल गं, आता तू आणि मी." अठरा वर्षं झाली. तिच्या मानेचा घाम मी प्यायलेय, तिची धडधड मी मोजलीय. म्हणून तर पुढचं सांगताना माझा जीव वरखाली होतो.

बायकांची मापं घेणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. कंबरेपाशी मी पोचायच्या आत बाई श्वास ओढून घेते. पोट आत, खांदे वर, चेहरा लाल. मी बिचारी त्या रिकाम्या जागेला वळसा घालते. आकडा वाचून झाला की बाई श्वास सोडते आणि मी दोन बोटं बाहेर ढकलली जाते. कुणी खिशातला रुमाल काढून ठेवते, जसा काही तो रुमालच तेवढा जाड होता. कुणी म्हणते, "पुढच्या महिन्यात मी बारीक होणार आहे, त्या मापानं शिवा." कपडा आज हवा आणि माप पुढच्या महिन्याचं! मला हसू यायचं. पण टेपेचं हसणं कुणाला ऐकू येतं?

दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एक शाळेतली बाई आली, नवीनच नोकरीला लागलेली. मावशीनं मला तिच्या कंबरेभोवती घेतलं आणि सरळ वाचलं, "चौतीस." त्या बाईचे डोळे भरले. नुसती आरशात बघत राहिली. मावशीच्या ओठात टाचण्या होत्या, त्या तिनं घाईनं काढल्या.

"अगंबाई! उलटी धरली की काय मी टेप? थांब हं, थांब."

तिनं मला काढलं, झटकलं, पुन्हा त्याच जागी गुंडाळलं. मी पुन्हा चौतीसवरच आले. दुसरं कुठं येणार?

"एकतीस," मावशी म्हणाली. "बघ, उगाच घाबरवलं तुला."

आणि वहीत लिहिलं चौतीस.

मी उलटी नव्हते. माझं एकचं टोक तिच्या अंगठ्याखाली होतं, जिथं असायला हवं तिथंच. पण माझ्यावर पहिला आळ आला तो त्या दिवशी, आणि मी गिळला. बाई हसत गेली. पोशाख अंगावर बेतल्यासारखा बसला, कारण तो वहीतल्या आकड्यानं बेतला होता. पुढच्या आठवड्यात ती आणखी तिघींना घेऊन आली.

तेव्हापासून दुकानात दोन मापं सुरू झाली. एक सांगायचं, एक लिहायचं. सांगायचं माप नेहमी तीन इंचांनी कमी. मावशी दोरा ओवता ओवता स्वतःशीच म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कपडा बसला म्हणजे झालं." कपडा बसत होताच. मग खोटं शोधायला कोण जाणार? आमच्या गल्लीतल्या बायकांचे असे जे इंच हवेत विरले, ते गोळा केले असते तर त्यातून एक अख्खी बाई उभी राहिली असती.

मला राग यायचा. पण म्हटलं, असू दे. कुणाचं वाईट तर होत नाहीये. चुकलेच मी. टेपेनं असं म्हणायचं नसतं.

मग भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आजारात गेली आणि नऊ वर्षांची ही पोर एक पिशवी आणि एका मापानं मोठे बूट घेऊन दारात उभी राहिली. घडीभर एका जागी बसायची नाही, म्हणून मावशीनंच तिला भिंगरी नाव ठेवलं. टेबलाखाली बसून अभ्यास करायची, करता करता खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायची आणि त्यांचे खिसे शिवायची. फ्रॉकला खिसा, शाळेच्या दप्तराला बाहेरून खिसा, उशीच्या अभ्र्यालासुद्धा खिसा.

"उशीला खिसा कशाला गं?" मावशीनं विचारलं.

"उशीला काही ठेवायचं असलं तर?"

मावशी तिला कधी रागावली नाही. एकदासुद्धा नाही. शेजारीण म्हणायची, "अहो, एखादा धपाटा घाला, शेफारेल ती." मावशीचं उत्तर ठरलेलं: "आईविना पोर. तिला आणखी कशाला दुखवायचं?" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते ह्या वाक्यातून झालं.

दुकानात एक मासिक यायचं. फॅशनचं. गिऱ्हाइकांनी पानं चाळायची, बोट ठेवायचं, "असा गळा करा, अशी बाही करा," म्हणायचं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते यायचं आणि भिंगरी बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून पहिल्यांदा तिच्याच हातात पडायचं. गुळगुळीत कागद, नव्या शाईचा वास, आणि एकापेक्षा एक उंच पोरी, एकीलाही खिसा नाही. मला तेव्हाच शंका आली होती. ज्या बाईला कुठंच काही ठेवायचं नसतं, ती खरी बाई कशी?

भिंगरी सोळाची असताना त्यात एक पान आलं. तुमचा बांधा कोणता? म्हणे कुणी सफरचंद असतं, कुणी नासपती असतं. माणसांना फळांची नावं! खाली तक्ता. अमुक उंचीला तमुक छाती, तमुक कंबर. भिंगरीच्या उंचीपुढं कंबर लिहिली होती सत्तावीस.

"मावशी, माप घे ना माझं." पान हातात धरूनच ती आरशासमोर उभी राहिली.

मावशीनं मागून मला तिच्याभोवती घेतलं. मी गेले आणि तीसवर आले. स्वच्छ तीस. पोर उभ्या हाडाची, रुंद खांद्यांची, तिला तीसच शोभत होती. मावशीनं आकडा वाचला. मग तिच्या खांद्यावरून त्या पानाकडं बघितलं. मग आरशात पोरीच्या तोंडाकडं बघितलं.

"सत्तावीस," मावशी म्हणाली.

पोरीनं अशी उडी मारली की मी मावशीच्या हातून सुटले. मावशीनं वहीत तीस लिहिलं आणि वही मिटली.

त्यानंतरची वर्षं म्हणजे नुसती धावपळ. एका महिन्यात भिंगरीच्या कपाळावर केस आले, पुढच्या महिन्यात ते मागं गेले. एक महिना सगळं काळं, मग दोन महिने एकही गडद रंग नाही. कधी हातभर कानातलं, तर कधी कानात काहीच नाही. कपाटाच्या दाराला आतून तिनं मासिकातली चित्रं डकवली होती. नवं चित्र जुन्यावर, जुनं त्याच्या जुन्यावर. दार जाड होत गेलं, शेवटी बंद होईना.

"अगं, कालची तू कुठं गेलीस?" मावशी विचारायची.

"कालची जुनी झाली."

"आणि उद्याची?"

"ती पहिल्या आठवड्यात येईल!"

दोघी हसायच्या. मला मात्र त्या पोरीची धाप लागायची. सकाळी घातलेलं दुपारी बदलायचं, आरशासमोर यायचं, वळायचं, पाठ बघायची, जायचं, पुन्हा यायचं. स्वतःलाच शोधत फिरल्यासारखी. तिचं सगळं बदलायचं, सत्तावीस तेवढं कायम. वर्षातून दोनदा माप घ्यायची, दर वेळी सत्तावीस. तोच एक खुंटा होता तिला. एकदा तयार कपड्यांच्या दुकानातून एक पँट आणली, ती चढेना. मावशी म्हणाली, "त्यांची मापं लहानच असतात. तू नको लक्ष देऊ." पोरीनं ती परत केली आणि पुन्हा कधी तयार कपडा आणला नाही. मावशीच शिवायची सगळं, वहीतल्या आकड्यानं.

ती वीस वर्षांची झाल्यावर चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लोकांना फ्रेमा निवडून द्यायच्या. तिथं मात्र ही पोर सरळ होती. एकदा एका भारदस्त गृहस्थांना म्हणाली, "हा नका घेऊ काका, घुबडासारखे दिसता."

चष्मेवाले साहेब धावत आले. "अगं, गिऱ्हाईक आहे ते!"

"म्हणूनच सांगतेय ना साहेब. सगळीकडं तोच घालून फिरणारेत."

ते काका हसले आणि दुसरी फ्रेम घेऊन गेले. हे तिनंच घरी येऊन मावशीला सांगितलं, आणि मावशीचे खांदे हसताना माझ्याखाली हलले, म्हणून मला माहीत. खरं सांगून कुणी मरत नाही, हे पोरीला ठाऊक होतं. फक्त तिला स्वतःला ते कुणी सांगत नव्हतं.

गेल्या वर्षी मासिकानं नवीन काही काढलं. नोकरी करणाऱ्या साध्या मुलींनी रोजच्या कपड्यातला आपला फोटो पाठवायचा. त्यातून एकीला निवडणार, तिच्यासाठी खास पोशाख शिवणार, आणि तिचं चित्र मासिकात छापणार. भिंगरीनं एक अंगरखा शिवला होता, सहा वेगळ्या कापडांचा, चार खिशांचा, कुठल्याच पानावरून न उचललेला. अठरा वर्षांत माझ्या नजरेखालून गेलेल्या कपड्यांत एवढा चांगला कपडा दुसरा नाही. तो घालून तिनं फोटो काढला आणि पाठवला.

ती निवडली गेली. पत्र आलं, सोबत मापांचा कागद. भिंगरी तो घेऊन दुकानात अशी शिरली की पडद्याची दांडी खाली आली.

"मावशी, माझंच चित्र येणार! माझं! आता कपाटावर कुणाला चिकटवायची गरजच नाही." मग जरा थांबली. "नीट घे हं माप. त्यावरूनच शिवणारेत ते. अगदी खरं."

ऐकलंत ना? पोर स्वतःच्या तोंडानं म्हणाली, अगदी खरं.

मावशीनं मला गळ्यातून काढलं. तिच्या बोटांना घाम आला होता. छाती घेतली, खांदा घेतला, बाहीचा मुंढा घेतला, सगळं बरोबर सांगितलं. मग कंबर. मी तीसवर आले आणि तिथं अडून राहिले. मावशी मला ओढत होती, मी ओढली जाईना. तिचा अंगठा माझ्या तीसवर होता, नखसुद्धा आकड्यावर होतं. मी म्हणत होते, सांग बाई. आता सांग. हा कपडा तू शिवणार नाहीयेस, तुझी वही तिथं जाणार नाहीये. आज सांगितलंस तर पोर रडेल, जेवणार नाही एक वेळ, आणि मग उठेल.

"मावशी? किती?"

"सत्तावीस," मावशी म्हणाली. "तेवढीच आहेस."

पोरीनं कागदावर ते लिहिलं, वळणदार अक्षरात.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघी गेलो. मावशीनं सवयीनं मला गळ्यात ठेवलं होतं. उंच इमारत, वरचा मजला, छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला पांढरा कागद, मोठे दिवे, मोठे पंखे. तिथं आणखी दोघी-तिघी नटून उभ्या होत्या, दुसऱ्या पानांसाठी. मी त्यांना पाठीमागून बघितलं आणि थक्क झाले. पुढून कपडा अंगाला चोपून बसलेला, आणि मागं पाठीवर ओळीनं लोखंडी चिमटे! जास्तीचं कापड मागं ओढून चिमट्यात धरलेलं. मासिकातली ती फिटिंग, जिच्यासाठी आमच्या दुकानात बायका रडल्या, ती अशी होती. भिंगरी एवढी गडबडीत होती की तिनं बघितलंच नाही.

तिचा पोशाख आणला. निळा. पडद्यामागं ती तो घालायला गेली. थोड्या वेळानं तिथली बाई, जिच्या हातात सारखी फाइल होती, आत गेली. मग मावशीला बोलावलं.

पाठीची चेन लागत नव्हती. दोन्ही कडांच्या मधून पोरीची चार बोटं पाठ दिसत होती. चिमट्यांचा उपयोग नव्हता. चिमटा सैल कापड आवळतो, नसलेलं कापड आणत नाही.

"इथं सत्तावीस लिहिलंय," फाइलवाली म्हणाली. "हे सत्तावीस आहे?"

"आहे," भिंगरी म्हणाली. "शिवणाऱ्यांचं चुकलं असेल."

"दर वेळी एक तरी अशी निघतेच. खोटं लिहायचं आणि आमचा अख्खा दिवस घालवायचा."

"मी खोटं नाही लिहिलं!" पोरीचा आवाज चिरला. "ही माझी मावशी. अठरा वर्षं शिवते. माप तिनं घेतलंय. टेप तिच्या गळ्यातच आहे, विचारा तिला!"

सगळे मावशीकडं वळले. दिवे लावणारा, केस विंचरणारी, फाइलवाली, आणि पोर. मावशीचा गळा माझ्याखाली थडथडत होता. मला वाटलं, आता. आता तरी तोंड उघडेल बाई.

"टेप जुनी झालीय हो," मावशी म्हणाली. "ताणली गेली असणार. माझंच मेलीचं लक्ष गेलं नाही." आणि तिनं मला गळ्यातून ओढलं आणि टेबलाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

हुशार बाई. ताणलेली टेप कमी आकडा दाखवते, हे कुणालाही पटेल. पटलंच सगळ्यांना.

तो निळा पोशाख राखीव म्हणून बोलावलेल्या दुसऱ्या मुलीला दिला. तिला तो सैल झाला, मागं सात चिमटे लावले. मी डब्यातून मोजले. जाताना भिंगरी वाकली आणि तिनं मला उचललं.

"फेक ना ती," मावशी म्हणाली.

"असू दे. लहानपणापासूनची आहे." तिनं मला आपल्या अंगरख्याच्या खिशात टाकलं.

घरी आल्यावर मावशीनं नवी टेप विकत आणली, आणि आपलं म्हणणं खरं दिसावं म्हणून पोरीची कंबर मोजून पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला. "तीस." तोही मला खोटं पाडायला.

त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं.

मला तिनं चष्म्याच्या दुकानातल्या आपल्या खणात टाकलं होतं, चष्मे पुसायच्या फडक्यांशेजारी. तिचा डबा मला रोज दिसायचा. आधी अर्धा उरायचा. मग ती तो सोबत काम करणाऱ्या मुलीला द्यायला लागली. "मला भूक नाही, तूच खा." मग डबा आणेनाशी झाली. जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर वर-खाली करायची, सुट्टी संपेपर्यंत. फ्रेमा पुसताना मधेच काउंटरला धरून उभी राहायची. तिचं पूर्वीचं भिरभिरणं वेगळं होतं, त्यात नाचणं होतं. आता ती कशापासून तरी पळत होती. साहेब म्हणाले, "अगं, तुझा स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरायला लागला." ती हसली. तिला ती शाबासकी वाटली.

घरी मावशी म्हणायची म्हणे, खा गं, खा. ताट पुढं सरकवायची, मग स्वतःच उचलून ठेवायची. पोर सोबतिणीला सांगायची ते मी ऐकायचे. "मावशीला काय कळतंय? तिला मी नेहमी सत्तावीसच दिसले. मला आता खरंच व्हायचंय."

असे चार महिने.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिला चक्कर आली म्हणून ती खुर्चीत बसली आणि खण उघडून तिनं मला बाहेर काढलं. सोबतिणीला म्हणाली, "ही किती ताणलीय ते बघते. म्हणजे सोळाव्या वर्षी मी खरी केवढी होते ते कळेल." कसली ही तळमळ! आता मागची सगळी वर्षंसुद्धा तिला मोजून घ्यायची होती.

डोळ्यांमधलं अंतर मोजायला त्यांच्याकडं स्टीलची पट्टी असते. एक मिलिमीटर इकडं-तिकडं झाला तर माणसाला गरगरतं, म्हणून ती पट्टी चुकत नाही. भिंगरीनं मला काउंटरवर सरळ पसरलं आणि उलटं केलं. माझ्या पाठीवर सेंटिमीटर छापलेत, अठरा वर्षांत ते कुणी वाचले नव्हते. तिनं पट्टी माझ्याशेजारी ठेवली. रेघेला रेघ. पट्टी पुढं सरकवली. रेघेला रेघ. शेवटच्या टोपीपर्यंत गेली, पुन्हा सुरुवातीला आली, पुन्हा गेली.

"ही ताणलेली नाहीये," ती म्हणाली.

"बरं झालं की मग," सोबतीण म्हणाली.

"नाही गं." पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. "ही ताणलेली नाहीये."

ती तशीच उठली, मला खिशात कोंबलं आणि साहेबांना न विचारता घरी निघाली. मावशी मशीनवर होती. भिंगरीनं फळीवरच्या मापांच्या वह्या ओढल्या आणि आपलं पान काढलं. मग पुढच्या वहीतलं. मग त्याच्या पुढच्या. तीस. तीस. तीस. मावशीच्या हातचे, ठसठशीत.

मशीन थांबलं.

"तुला माहीत होतं."

"तू रडली असतीस गं," मावशी म्हणाली.

"रडले असते तर रडले असते!"

"आई नव्हती तुला. मला वाटलं, एवढं तरी सुख असावं पोरीला. त्या मेल्या मासिकानं आकडा छापला, मी काय करू?"

"त्यांनी छापला. त्यांना मी माहीतसुद्धा नव्हते. तू मला बघून लपवलास. म्हणजे तीस हे लपवण्यासारखंच आहे, हे मला तू शिकवलंस. आणि तिथं सगळ्यांसमोर मला खोटारडी ठरवलं, तेव्हासुद्धा तू टेपेवर ढकललंस." तिनं खिशातून मला काढलं आणि मावशीसमोर धरलं. "घे. आता माप घे. हिच्यानंच."

मावशी उठली. मी त्या पोरीभोवती गेले आणि मला तिची हाडं लागली. पूर्वी जिथं मऊ ऊब होती तिथं आता कडा होत्या. मी पुढं सरकत गेले, तीस मागं पडला, एकोणतीस मागं पडला. थांबले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

मावशीनं आकडा बघितला. पुन्हा बघितला.

"सत्तावीस."

माझ्यावर त्या पोरीच्या कंबरेचं सांगायचं माप आणि लिहायचं माप त्या दिवशी पहिल्यांदा एक झालं.

भिंगरी हसली. ते हसणं मी विसरणार नाही. "अजूनही?" ती म्हणाली. "अजूनही तेच?"

"अगं खरंच! शपथ! तूच बघ की खाली, तूच वाच!"

"मला नाही बघायचं. तुम्ही दोघी सारख्याच."

दोघी. म्हणजे मावशी आणि मी. तिनं मला अंगावरून ओढून काढलं, खाली टाकलं आणि ती गेली.

त्याला आता सहा महिने झाले. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत ती सोबतिणीबरोबर राहते. डॉक्टरांकडं जाते. सोबतीण निरोप देते की आता डबा पुरा खाते. मी ते बघितलेलं नाही, आणि न बघितलेलं मी सांगत नाही. इकडं येते कधी, पण दारातच उभी राहते, बसत नाही, पाणी घेते आणि निघते. कपडे स्वतःच शिवते, टेप न लावता, कापड अंगाला धरून अंदाजानं. रस्त्यात मुली थांबवून विचारतात म्हणे, हे कुठं मिळालं? पण ते कपडे एवढे मोठे असतात की आत पोर किती आहे, ते कुणाला कळू नये. तिला स्वतःलाही.

मावशीनं नवी टेप टाकून दिली. मला पुन्हा गळ्यात घेतलं. आता ती सगळ्यांना वाचेल तोच आकडा सांगते. त्या शाळेतल्या बाईला परवा छत्तीस सांगितलं. बाई म्हणाल्या, "मावशी, टेप बदला हो तुमची, खोटं दाखवते." आणि शेजारच्या गल्लीत गेल्या शिवायला. गिऱ्हाईक निम्मं झालं. मासिक बंद केलंय. माझा एकचा आकडा अंगठ्याखाली घासून पुसट झालाय, कडेला चीर गेलीय, फार दिवस काही टिकणार नाही मी.

तेवढ्यात एक सांगून घेते. पोरींनो, कुणी तुमचं माप घेत असेल तर आरशात बघू नका, पानावर बघू नका. मान खाली घाला आणि माझ्यावरचा आकडा स्वतः वाचा. रडू आलं तर रडा. मी भिजले तरी माझे आकडे पुसत नाहीत. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका, ते तोंड कितीही मायेचं असो.

आणि दोष कुणाचा, ते विचाराल. मासिकाचा म्हणावं तर तो कागद, त्यानं माझ्या भिंगरीला कधी बघितलंच नव्हतं. फाइलवाली तिचं काम करत होती. पोरीनं तर खरं मापच मागितलं होतं. माझा म्हणाल तर स्टीलच्या पट्टीला जाऊन विचारा. दोष त्या एकीचा, जिनं मला हातात धरून तीस वाचला, पोरीवर सगळ्या जगापेक्षा जास्त जीव लावला, आणि तोंड उघडून सत्तावीस म्हटलं. तिच्याच गळ्यात बसून मी हे सांगतेय, तिची नाडी माझ्याखाली उडतेय, तरी नाव घेणार.

मावशी.